श्रद्धावंताचे दुखणे



आमच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर छापून आला, तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हाला विचारले, ''धर्माचा आणि पोटदुखीचा संबंध काय हो?'' प्रश्न थट्टेचा होता. पण तो आम्हाला आवडला, कारण आज आम्हाला जे सांगायचे आहे ते नेमके या प्रश्नाच्या पोटात आहे.

एखादा भाविक ख्रिस्ती गृहस्थ घ्या. देवळात नियमाने जाणारा, शास्त्र वाचणारा, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणारा. त्याला एकाएकी झोप येईनाशी होते. छातीवर कोणी धोंडा ठेवल्यासारखे वाटते, अन्न घशाखाली उतरत नाही, हातपाय गळून जातात. वैद्य नाडी पाहतात, डॉक्टर छातीचा आलेख काढतात आणि सांगतात, काही सापडत नाही. मग कोणीतरी हितचिंतक हळूच म्हणतो, ''प्रार्थना कमी पडत असेल.'' त्या गृहस्थाला आधी एक दुखणे होते, आता दोन झाली. पहिले शरीराचे, दुसरे असे, की आपले शरीर आपल्याच श्रद्धेविरुद्ध साक्ष देत आहे. ज्याचा देवावर भरवसा आहे त्याचा हात थरथरेल कशाला, असा तो स्वतःलाच प्रश्न करतो. हे दुसरे दुखणे पहिल्यापेक्षा जड असते, आणि ते लादण्याचा अधिकार ख्रिस्ती परंपरेने कोणाला दिला आहे काय, एवढेच आम्हाला आज पाहावयाचे आहे. आपल्यापैकी बहुतेक श्रोते ख्रिस्ती नाहीत, हे आम्ही जाणतो. पण 'नामस्मरण कमी पडते' असे ऐकून घेतलेली माणसेही या सभेत असतील, आणि म्हणून हा विषय अगदीच परक्याच्या घरचा नाही.

प्रथम भाषेकडे पाहू. मनाच्या गोष्टी सांगताना आपली मराठी फार वेळ मनात राहत नाही. ती लगेच शरीरात उतरते. आपले काळीज फाटते, पोटात कालवते, आतडे पिळवटते, प्राण कंठाशी येतात, हात-पाय गळतात, पायांखालची वाळू सरकते. भरतमुनींनी तर घाम, कंप, रोमांच, अश्रू, स्वरभंग असे आठ सात्त्विक भाव मोजून ठेवले. मन वेगळे आणि शरीर वेगळे, ही वाटणी पुस्तकातली. बोलणाऱ्या माणसाला ती कधीच मान्य नव्हती.

बायबलचा जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला, तिचेही असेच आहे. ज्या शब्दाचे भाषांतर आपण 'जीव' किंवा 'आत्मा' असे करतो, त्या 'नेफेश' या शब्दाचा एक जुना अर्थ आहे घसा. तहानेने कोरडा पडतो तो घसा, बुडणाऱ्याच्या पाणी येऊन भिडते तोही घसाच. 'प्राण कंठाशी आले' असे म्हणणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. माणसाच्या अंतरातील गुप्त विचार हिब्रू कवी मूत्रपिंडात ठेवतो. भाषांतरकारांना ते चमत्कारिक वाटते आणि ते तेथे 'अंतःकरण' घालून मोकळे होतात. करुणेला हिब्रूत जो शब्द आहे, 'रहमीम', तो गर्भाशयाच्या नावापासून निघालेला आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत तर गोष्ट आणखीच स्पष्ट आहे. लोकांचा समुदाय पाहून येशूला दया आली, असे शुभवर्तमानकार सांगतात तेव्हा जे क्रियापद वापरतात, ते 'स्प्लांख्ना' म्हणजे आतडी या शब्दापासून झालेले आहे. त्याची आतडी हलली, असा त्याचा सरळ अर्थ. मराठी बायबल करणाऱ्यांनी तेथे 'कळवळा' हा शब्द घातला. आमच्या मते जगातल्या पुष्कळ भाषांतरांपेक्षा हा शब्द सरस आहे, कारण कळवळ्यात पोटातली कळ आहे.

स्तोत्रसंहिता उघडली तर काही पाने एखाद्या दवाखान्याच्या टिपणवहीसारखी वाटतात. कोणाची हाडे झिजली आहेत, कोणाचे अंथरूण आसवांनी भिजले आहे, कोणाची जीभ टाळूला चिकटली आहे, कोणी भाकरी खायची विसरून अस्थिपंजर झाला आहे. आणि हे सारे देवाला उद्देशून म्हटलेले आहे, भर प्रार्थनेत. व्यथा लपवून प्रार्थना करावी असे त्या कवींना कधी वाटलेच नाही. हन्नाची गोष्ट घ्या. मूल नाही म्हणून सवत टोचून बोलते. हन्ना अन्न सोडते, मंदिरात जाऊन रडते, ओठ हलतात पण आवाज फुटत नाही. आणि एली नावाचा वृद्ध याजक तिला पाहून काय समजतो? ही बाई दारू प्यालेली आहे! धर्माधिकाऱ्याला दुःखाचे शरीर ओळखता आले नाही, याची ही फार जुनी नोंद आहे. एलीच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. तिने खुलासा करताच त्याने आपला शब्द मागे घेतला आणि तिला आशीर्वाद दिला. पुढच्या पुष्कळ धर्माधिकाऱ्यांना तेवढेही साधले नाही.

पण या सगळ्यांत आम्हाला मोठी वाटते ती एलीया संदेष्ट्याची कथा. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात ती आहे. एलीयाने कर्मेल डोंगरावर नुकताच मोठा विजय मिळवलेला. त्याच्या श्रद्धेविषयी शंका घ्यायला जागाच नाही. आणि दुसऱ्याच क्षणी ईजबेल राणीच्या एका धमकीने तो पळत सुटतो, रानात एक दिवसाची वाट चालून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आता तेथे काय घडते ते नीट पाहावे. देव त्याला उपदेश करीत नाही. तुझी श्रद्धा कोठे गेली, असे विचारीत नाही. एलीया झोपी जातो. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवलेली असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायलाच घालतो, का, तर पुढची वाट तुला झेपणार नाही म्हणून. त्यानंतर चाळीस दिवसांची चाल, आणि मग होरेब डोंगरावर देवाचा प्रश्न. दोन झोपा आणि दोन जेवणे होईपर्यंत देव संभाषणाला सुरुवात करीत नाही! ज्याने ही कथा लिहिली त्याला थकलेल्या माणसाची पारख होती, यात संशय नाही.

आता ख्रिस्ताकडे येऊ. कारण ख्रिस्ती माणसाला शेवटचा दाखला तोच. धरले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू भयभीत व कासावीस झाला असे मार्क सांगतो. तो जमिनीवर पडतो, तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा करतो, आणि शिष्यांनी जागे राहावे असे त्याला वाटते. एकटे राहणे त्याला नको आहे. लूकच्या शुभवर्तमानात याहून पुढची ओळ आहे: त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. या ओळीची एक हकीकत आहे. नव्या कराराच्या काही अतिशय जुन्या हस्तलिखितांत ती आढळत नाही, काहींत आढळते. ती मुळात होती आणि नंतर गाळली, की मागाहून घातली, यावर विद्वानांचा वाद आहे आणि तो मिटलेला नाही. पण दुसऱ्या शतकातल्या लेखकांना ती ठाऊक होती, एवढे निश्चित. घाबरलेला, घामाने निथळणारा देवपुत्र काहींना अडचणीचा वाटला असेल. तरीही चर्चने शेवटी ती ओळ आपल्या वाचनात ठेवली. येशूला खरे शरीर नव्हतेच, तो केवळ भास होता, असे म्हणणारे पंथ त्या काळी होते, आणि चर्चने त्यांना ठामपणे नाकारले. तेव्हा भीतीने शरीर कापणे हे अश्रद्धेचे लक्षण मानायचे असेल, तर तो आरोप आधी कोणावर जातो, हे आरोप करणाऱ्याने पाहून घ्यावे.

आतापर्यंत शास्त्राविषयी बोललो. आता एका माणसाविषयी थोडे सविस्तर बोलणार आहोत. त्याचे नाव एवाग्रियस. काळ्या समुद्राकाठच्या पोंतुस प्रांतात ३४५ च्या सुमारास जन्मलेला. ३९९ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात वारला. त्याची हकीकत त्याचा शिष्य पल्लादियस याने ४२० च्या सुमारास लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला मिळते. एवाग्रियस मोठा बुद्धिमान; कॉन्स्टँटिनोपल येथे धर्मसेवक म्हणून वादविवादात नावाजलेला. तेथे एका बड्या घरच्या विवाहित स्त्रीवर त्याचा जीव जडला, तिचाही त्याच्यावर. प्रकरण हाताबाहेर जाईल या धास्तीने त्याला एक भयंकर स्वप्न पडले, स्वप्नातच त्याने शहर सोडण्याची शपथ घेतली, आणि जागा होताच सामान बांधून तो जेरुसलेमला निघून गेला. तेथे मेलानिया नावाच्या रोमन विधवेने त्याला आश्रय दिला. पण शहर सोडले म्हणून मन सुटते थोडेच! पुन्हा चांगली वस्त्रे, पुन्हा गोड बोलणे, पुन्हा दोलायमान स्थिती. आणि मग तो आजारी पडला. ताप येऊ लागला आणि सहा महिने हटेना. शरीर झिजत चालले. वैद्य आले आणि गेले. कोणालाही निदान होईना.

शेवटी मेलानिया त्याच्यापाशी बसली आणि म्हणाली, की तुझे हे दुखणे मला साधे दिसत नाही. तुझ्या मनात काय आहे ते सांग. त्याने सगळे सांगितले. मग तिने त्याच्याकडून संन्यासाचे वचन घेतले आणि त्याच्यासाठी प्रार्थना केली. थोड्याच दिवसांत तो उठून बसला, असे पल्लादियस लिहितो.

श्रोतेहो, ही कथा भाविकाने लिहिली आहे, आणि तिच्यातला ताप कसला होता हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण तिच्यातल्या बाईचे शहाणपण आम्हाला थक्क करते. तिने त्याला ढोंगी म्हटले नाही, आणि 'तुला काही झालेले नाही' असेही म्हटले नाही. ताप खरा आहे हे तिने धरूनच चालले. मात्र वैद्यांनी जो प्रश्न विचारला नव्हता तो तिने विचारला, आणि तोही सहा महिने शुश्रूषा केल्यानंतर. आधी शुश्रूषा, मग प्रश्न. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे बहुधा उलटे होते.

पुढे एवाग्रियस इजिप्तमध्ये गेला. दोन वर्षे नित्रियाच्या डोंगराळ मुलखात आणि चौदा वर्षे केलिया येथे तो राहिला. केलिया म्हणजे खोल्या. वाळवंटात एकमेकांपासून दूर दूर बांधलेल्या झोपड्यांची ती वसाहत. तेथे बसून त्याने मनात उठणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, मरगळ, पोकळ प्रतिष्ठा आणि गर्व. पोप पहिला ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस तिची फेरमांडणी करून सात पातके केली, तीच पुढे प्रसिद्ध पावली. त्या मांडणीत मरगळ खिन्नतेत विरून गेली, आणि आमच्या मते हे नुकसान झाले. कारण एवाग्रियसने सर्वांत बारकाईने वर्णन केली आहे ती मरगळच.

ग्रीक शब्द 'अकेदिया'. कशाचीच पर्वा न वाटणे. एवाग्रियस तिला दुपारचा सैतान म्हणतो. आपल्याकडे भर बाराच्या उन्हात पिंपळाखाली जाऊ नये म्हणतात, तसलाच हा प्रकार. फक्त हे भूत झाडावर नसते. सकाळी दहाच्या सुमारास ते येते आणि दोनपर्यंत ठाण मांडते. सूर्य हलेनासा होतो. साधू पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, बाहेर येऊन सूर्य किती वर आला ते अजमावतो, कोणी सोबती येतो का म्हणून वाट न्याहाळतो. मग जागेचा वीट, कामाचा वीट, आयुष्याचा वीट. आपल्यावर कोणाचे प्रेम उरलेले नाही असे वाटू लागते. घरची माणसे आठवतात. पुढचे आयुष्य अंत नसल्यासारखे लांबलचक दिसते. हे सोळाशे वर्षांपूर्वीचे टिपण कचेरीत बसणाऱ्या कोणाही माणसाने वाचून पाहावे. आणि ध्यानात घ्यावे की हे वर्णन नास्तिकाचे नाही. ज्याने देवासाठी सर्व सोडले त्याच्याच झोपडीत हे भूत येते, असे एवाग्रियसचे म्हणणे आहे. त्यावर त्याने सांगितलेले उपायही मोठे साधे आहेत. जागा सोडू नये. हाताने काही काम करीत राहावे. रडू येत असेल तर रडावे. आणि आपल्या जीवाचे दोन भाग कल्पून एकाने दुसऱ्याचे सांत्वन करावे.

एवढे ज्ञान असलेल्या या माणसाने स्वतःच्या शरीराला मात्र फार कठोरपणे वागवले. भाकर मोजून, तेल मोजून. हिरवी भाजी नाही, फळ नाही, शिजवलेले अन्न नाही, स्नान नाही. शेवटी पोटाने तक्रार केली, आणि अखेरची दोन वर्षे त्याला शिजवलेल्या भाज्या, जवाची पेज आणि डाळी यांवर राहावे लागले. पल्लादियस हेही प्रामाणिकपणे नोंदतो. देहाला शत्रू मानण्याची ही जी एक धार ख्रिस्ती तपश्चर्येत आहे, तिचे समर्थन आम्ही करणार नाही.

सुदैवाने परंपरेत दुसराही सूर आहे. संत ऑगस्टिनची आई मोनिका ३८७ मध्ये रोमजवळ ओस्तिया बंदरात वारली. त्याचा मुलगा ओक्साबोक्शी रडू लागला, तर मोठ्यांनी त्याला गप्प केले. ती भक्तीत मेली, तिच्यासाठी आक्रोश कशाला, असा त्यांचा विचार. ऑगस्टिनने स्वतःचेही अश्रू दाबले, दफनाच्या वेळीही डोळा ओला होऊ दिला नाही, आणि आत त्याचा कोंडमारा झाला. स्नानाने दुःख जाते असे त्याने कोठे ऐकले होते, म्हणून त्याने स्नान केले. काही उपयोग झाला नाही. मग तो झोपला. उठल्यावर मन थोडे हलके होते, आणि तेव्हा कोठे तो एकट्याने रडला. हे सर्व त्याने आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले, आणि कोणी या रडण्याला पाप म्हणत असेल तर म्हणो, अशी तयारीही दाखवली.

जवळजवळ नऊशे वर्षांनी थॉमस अक्वायनस हा मध्ययुगातील सर्वांत मोठा ख्रिस्ती तत्त्वज्ञ आपल्या प्रचंड ग्रंथात दुःखाचा विचार करतो. मनाच्या सर्व विकारांत दुःख शरीराला सर्वांत अधिक अपाय करते, असे तो म्हणतो, आणि मग उपाय सांगतो. सुख देणारी कोणतीही गोष्ट, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि पाचवा उपाय झोप व स्नान! या पाचव्या कलमासाठी तो आधार घेतो तो ऑगस्टिनच्याच हकिकतीचा. ऑगस्टिनला स्नानाचा गुण आला नव्हता, ही बाब तो सोयिस्करपणे बाजूला ठेवतो. पंडितांचे असे चालायचेच. पण धर्मशास्त्राच्या ग्रंथात, परमेश्वराच्या चर्चेच्या शेजारी, न्हाऊन झोपी जाण्याला जागा मिळाली, हे काही थोडे नव्हे.

प्रॉटेस्टंट पंथांत या प्रश्नाला वेगळी धार आली. आपण तारलेल्यांत आहोत की टाकलेल्यांत, हा प्रश्न प्रत्येकाच्या एकट्याच्या छातीवर येऊन बसला. विल्यम कूपर या इंग्रज कवीचे (१७३१–१८००) उदाहरण हृदय हलवणारे आहे. सहाव्या वर्षी आई गेली. १७६३ मध्ये एका नोकरीसाठी परीक्षेला उभे राहण्याच्या भीतीने त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले आणि त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. डॉक्टर कॉटन यांच्या आश्रमात तो बरा झाला, तेथेच त्याची श्रद्धा जागी झाली. पुढे ओल्नी गावी जॉन न्यूटन या धर्मोपदेशकाच्या सहवासात त्याने जी भक्तिगीते रचली ती आजही इंग्रजी प्रार्थनामंदिरांत म्हटली जातात. आणि १७७३ मध्ये त्याला एक स्वप्न पडले, की देवाने आपल्याला कायमचे टाकले. त्यानंतर सत्तावीस वर्षे, मरेपर्यंत, तो पुन्हा देवळात पूजेला गेला नाही. दुसऱ्यांच्या श्रद्धेला शब्द देणारा कवी स्वतःला शापित समजत होता. न्यूटनच्या कडक धर्ममताने त्याचे दुखणे वाढवले असे काही चरित्रकार म्हणतात. असेलही. पण त्याच न्यूटनने त्या वेळी कूपरला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरात ठेवून घेतले, हेही सांगितले पाहिजे. आणि कूपरला मधली बरी वर्षे कशाने मिळाली? पाळलेल्या सशांनी, बागकामाने, सुतारकामाने, होमरचे भाषांतर करण्याने, आणि मेरी अनविन या बाईच्या अखंड सेवेने.

कूपर जिवंत असतानाच, १७९६ मध्ये, यॉर्क शहरी विल्यम ट्यूक नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याने क्वेकर पंथाच्या वतीने वेड्यांसाठी एक घर उघडले. नाव ठेवले 'रिट्रीट', म्हणजे विसावा. त्या काळी वेड्यांना साखळ्या, फटके आणि रक्त काढणे हे उपचार असत. ट्यूकच्या घरात साखळी नव्हती. गरम पाण्याचे स्नान, पोटभर जेवण, बाग, मोकळी हवा, हाताला काम आणि माणसासारखे बोलणे. येथेही भाकर आणि पाणी आधी आले, बोलणे मागाहून.

वैद्यकशास्त्राने या विषयात काय भर घातली, तेही थोडक्यात सांगतो. १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सी सें-मार्तें नावाच्या एका तरुणाला पोटात गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक बुजले नाही. डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या झरोक्यातून अनेक वर्षे जठराचे काम पाहिले आणि १८३३ मध्ये ग्रंथ लिहिला. माणूस रागावला की जठराचे अस्तर पालटते आणि पचन मंदावते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांखाली मांजराचे पोट पाहिले. मांजर बिथरले की जठराची हालचाल बंद. भय, भूक, वेदना व क्रोध यांत शरीर कसे बदलते यावरचे त्यांचे पुस्तक १९१५ चे. आणि १९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी एक हृदयविकार वर्णिला. जबर शोक किंवा धक्का बसला की हृदयाचा डावा कप्पा फुगून ऑक्टोपस धरण्याच्या मडक्यासारखा दिसू लागतो; म्हणून त्याचे नाव 'ताकोत्सुबो'. रक्तवाहिन्या मोकळ्या असतात, तरी माणूस छाती धरून दवाखान्यात येतो. बहुधा बरा होतो, क्वचित दगावतोही. 'काळीज फुटून मेला' असे आजीबाई म्हणत, त्यात अलंकार थोडा आणि निरीक्षण अधिक होते तर!

पण येथेच सावध राहिले पाहिजे, कारण याच वाटेवर एक खड्डा आहे. विसाव्या शतकात पुष्कळ वर्षे डॉक्टर सांगत, की पोटातला व्रण हा काळजी करणाऱ्यांचा आजार. काळजी सोडा, शांत राहा, दूध प्या. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की बहुतेक व्रणांच्या मुळाशी एक जंतू आहे. मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. विचार करा, त्याआधी किती माणसांनी दुखण्याबरोबर दोषही सोसला असेल! 'तुझ्या पापाने झाले' असे म्हणणारा जुना उपदेशक आणि 'तुझ्या स्वभावाने झाले' असे म्हणणारा नवा पंडित, दोघे एकाच घरचे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? त्याने दोन्ही नाकारले. मनाची व्यथा शरीरात उतरते, हे खरे. म्हणून शरीराची प्रत्येक व्यथा मनातून आली, असे मात्र ठरत नाही.

काही ख्रिस्ती बांधव म्हणतील, की याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असे लिहिले आहे, मग औषध कशाला? आम्ही त्यांना त्याच नव्या करारातले दुसरे पत्र दाखवू. तीमथ्याला, पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असा सल्ला तेथे दिलेला आहे. अधिक श्रद्धा ठेव असा नव्हे. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली आणि काटा निघाला नाही. पौलाची श्रद्धा कमी पडली असे कोणी म्हणत असल्यास त्याच्याशी वाद घालण्याची आमची इच्छा नाही. आमच्या मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उभारले तेही मिशनरीच होते, आणि त्यांनी तेथे शस्त्रक्रियेचा टेबल मांडला.

वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत, सप्टेंबरात, मेणाचे अवयव विकायला असतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याचा हात दुखतो तो हात. ख्रिस्ती, हिंदू, पारशी, सगळे रांगेत असतात. या चालीला अडाणी म्हणून हसणारे आहेत. आम्हाला तिच्यात एक गोष्ट दिसते: दुखणे घेऊन देवापुढे यायला तेथे कोणाला लाज वाटत नाही. अडचण एवढीच, की ज्याला रात्र रात्र झोप येत नाही, विनाकारण रडू कोसळते, त्याने दुकानदाराकडे कोणता आकार मागावा? तो बहुधा जत्रेलाच जात नाही; घरी बसतो, आणि दुसऱ्या कोणाला कळू नये म्हणून दार लावून घेतो.

त्या बंद दारामागे काही वेळा काय होते ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो. येथे चर्चचा इतिहास अभिमानाने सांगण्यासारखा नाही. ब्रागा येथील ५६१ च्या धर्मसभेने आत्महत्या करणाऱ्यांना अंत्यविधी नाकारला. इंग्लंडात अशा प्रेतांना चव्हाट्यावर पुरण्याची चाल १८२३ च्या कायद्याने थांबली. कॅथलिक धर्मकायद्याची १९१७ ची संहिता जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारत होती. १९८३ च्या संहितेतून ते नाव वगळले गेले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर मनाचा गंभीर बिघाड, भयंकर यातना किंवा भीती यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते, असे स्पष्ट लिहिले आणि त्याच्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. आपल्या देशाचा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरतो. ब्रागापासून १९८३ पर्यंत चौदाशे बावीस वर्षे झाली. एलीयाची कथा या सर्व काळात दर वर्षी देवळांतून वाचली जात होती, आणि जे तिच्यातल्या माणसासारखे मरण मागून बसले त्यांना मात्र दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरले जात होते. ती जागा पुष्कळ जुन्या गावांत आजही दाखवतात. थडग्यावर नाव नसते.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. कोणाला काही विचारावयाचे असल्यास अध्यक्षांच्या परवानगीने विचारावे. आम्ही थांबलो आहोत.